उचल, उधारी आणि एक्कावन्न टक्के

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतल्या एका परदेशी कंपनीने माझ्या एका क्लायंटला मध्यंतरी चारपानी फॉर्म पाठवला. क्लायंट फॅब्रिकेशनवाला. लोखंडी रॅक, ट्रॉल्या, ड्रम ठेवायचे स्टँड असलं काम करतो. फॉर्मात नेहमीचं सगळं होतंच, जीएसटी नंबर, पॅन, रद्द केलेला चेक. तिसऱ्या पानावर मात्र विचारलं होतं की धंद्याची एक्कावन्न टक्के किंवा त्याहून जास्त मालकी अल्पसंख्याक किंवा वंचित समाजातल्या माणसाकडे आहे का, आणि रोजचा कारभार तोच बघतो का. त्याने लगेच फोन लावला.

"ताई, हे कशाला विचारतायत? हो लिहिलं तर आहे ते काम पण जाईल ना?"

त्याला हसू नका. आपल्याकडे कागदावर जात-धर्म विचारला की माणूस आधी अंग चोरतो, आणि त्याला कारणं आहेत. तो बौद्ध, मी मुसलमान. चिपळूणच्या बाजारपेठेत मी करसल्लागार म्हणून बसते. जीएसटी, टीडीएस, उद्यम नोंदणी (म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, ही माझी रोजची कामं. लहान धंद्यांना मोठ्यांनी हात द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला भाषणांपेक्षा लेजरमध्ये जास्त दिसतं. म्हणून हे लिहितेय.

तो फॉर्म मूळचा अमेरिकेतला. तिथे १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी एक सरकारी कचेरी उघडली. पाठोपाठ १९७२ मध्ये मोठ्या कंपन्या आणि असे पुरवठादार यांची गाठ घालून देणारी राष्ट्रीय परिषद निघाली. काळे, हिस्पॅनिक, आशियाई, मूळनिवासी, यांपैकी कोणाकडे किमान एक्कावन्न टक्के मालकी आणि खराखुरा ताबा असेल तर तशा धंद्याला प्रमाणपत्र मिळतं आणि कंपन्या त्यांच्याकडून माल घेतात. त्या कंपन्या इकडे आल्या तेव्हा फॉर्मही सोबत आला. तेव्हा क्लायंटला सांगितलं, बिनधास्त हो लिही, इथे त्याने काम जात नाही, झालाच तर फायदा होईल.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के बायकांच्या उद्योगांकडून. याच्या बऱ्याच आधी, २००५ साली, मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर, म्हणजे डिक्की, काढली होती. आम्हाला नोकरी नको, ऑर्डर द्या, हा त्यांचा सूर मला पहिल्यापासून पटलेला आहे.

आता गंमत बघा. माझा फॅब्रिकेशनवाला बौद्ध, म्हणजे केंद्राच्या १९९३ च्या यादीप्रमाणे अल्पसंख्याक. शिवाय १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, त्यामुळे तो ४ टक्क्यांतही बसतो. मी टेबल-खुर्ची सोडून पापड लाटायला घेतले तर बाई म्हणून ३ टक्क्यांत बसेन. पण माझा मावसभाऊ आंब्याचे खोके बनवतो, त्याला या दोन्ही राखीव वाट्यांतलं काहीच नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आहे, १९९४ पासूनचं, आणि राज्याचं मौलाना आझाद महामंडळ. दोन्हीकडे कर्ज मिळतं, गिऱ्हाईक मिळत नाही. आणि गिऱ्हाईक नसताना काढलेल्या कर्जाचे हप्ते कसे थकतात ते मी जवळून बघते. मला विचाराल तर दहा लाखांच्या कर्जापेक्षा दोन लाखांची दर महिन्याला येणारी ऑर्डर बरी. तीच ऑर्डर दाखवली की बँकवाला पाणीसुद्धा विचारतो.

फॅब्रिकेशनवाल्याचं पुढे काय झालं ते सांगते, कारण हे धोरण कागदाबाहेर कसं चालतं हे फार जणांना माहीत नसतं. एका सरकारी उपक्रमाचं रॅकच्या पुरवठ्याचं टेंडर होतं. लघु उद्योग म्हणून त्याला टेंडरची फी नाही, अनामत रक्कम नाही. ही सूट नसती तर तो तिथेच थांबला असता, कारण लाखभर रुपये चार महिने अडकवून ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याचा भाव सर्वांत कमी बोलीपेक्षा नऊ टक्क्यांनी वर आला. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाली, होती एक मोठी कंपनी. नियम असा की लघु उद्योगाचा भाव एल-वनच्या पंधरा टक्क्यांच्या आत असेल, आणि एल-वन स्वतः लघु उद्योग नसेल, तर त्याला विचारायचं: त्या भावात देतोस का? दिलास तर एकूण मालातला काही भाग तुझा. (बांधकामाच्या ठेक्यांना हे लागू नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी माझ्याकडे येऊन बरेच जण हिरमुसून गेलेत.)

आता नऊ टक्के कुठून खाली आणायचे? त्याचा खर्च वाढत होता तो पत्रा वाकवण्यात. त्याच्याकडे प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, नाही; तो पत्रा कराडला पाठवायचा, कुंभार्ली घाटातून जायचं-यायचं भाडं अंगावर. खडपोलीच्या एमआयडीसीत एक जुने कारखानदार आहेत, मराठा, साठीच्या पुढचे, तोंडाने जरा फटकळ. त्यांचं मशीन दुपारनंतर रिकामं असतं. ते म्हणाले, "पत्रा घेऊन ये, ऑपरेटर माझा, वेल्डिंग तुझं. तासाचे पैसे बिल निघाल्यावर दे." आम्ही जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला माल पाठवायचं, चलन केलं. चलनावर माल गेला तर टॅक्स लागत नाही, फक्त वर्षाच्या आत परत यायला हवा. रॅक वेळेत गेले. ना कुठे फोटो, ना करारावर सह्या करताना टाळ्या. काकांनी त्याला पुढे आपलं जादा झालेलं कामही द्यायला सुरुवात केली. सरकारी धोरणाने दार उघडलं हे खरंच, पण आत जायला ते मशीन लागलं.

याच्या उलट प्रकारही येतात. मध्ये एक गृहस्थ आले, पांढरी इनोव्हा, हातात फळांची पिशवी. "म्याडम, तुमच्याकडे एससी क्लायंट असतील ना? नाव त्यांचं, बाकी सगळं आमचं. महिन्याला ठरावीक रक्कम घरी." बायकोच्या नावावर, ड्रायव्हरच्या नावावर असले धंदे काढणारे कमी नाहीत. एससी-एसटी आणि बायकांसाठी २०२५ पर्यंत असलेल्या स्टँड-अप इंडियाच्या कर्जातही कंपनी असेल तर एक्कावन्न टक्के हिस्सा आणि ताबा खऱ्या माणसाकडे हवा असं लिहिलेलं होतं, ते अशांसाठीच. पिशवी परत दिली. पोरं आंबे होते म्हणून नाराज झाली. पण जीएसटीची नोटीस येते ती नावावर येते आणि तेव्हा इनोव्हा कुठे असते ते कोणाला सापडत नाही.

तसं बघायला गेलं तर आपल्या कोकणाला भागीदारी कोणी शिकवायला नको. बोटीवरचा हिशेबच वाट्यांवर चालतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून उरलेल्यात मालकाचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, वाटा, खलाशांचा वाटा. (हल्ली खलाशी नेपाळचे आणि पगारी, त्यामुळे तेही बदललंय.) आमच्या समाजात व्याज नको म्हणणारे पुष्कळ. त्यामुळे कुवेतमधला भाऊ पैसे घालतो, गावातला भाऊ मेहनत घालतो, नफा ठरल्या प्रमाणात वाटून घेतात. धर्माच्या हिशेबाने यात तोटा झाला तर पैसे घालणाऱ्याचे पैसे जातात, राबणाऱ्याची मेहनत जाते. देशाचा १९३२ चा भागीदारी कायदा मात्र म्हणतो की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही सारखे. आणि फर्म नोंदवलेली नसेल तर करारातल्या हक्कासाठी एकमेकांवर दावाही लावता येत नाही. दोन भावांच्या डोक्यात एक, कायद्यात दुसरं, आणि कागद कुठेच नाही. अशी भांडणं माझ्या टेबलावर ईदच्या सुट्टीत येतात, कारण कुवेतवाला तेव्हाच घरी असतो. मी म्हणते, बाबांनो, जे तोंडी ठरलंय तेच स्टँपवर लिहा, धर्मही सांभाळला जाईल आणि भाऊही.

आंब्याची उचल, म्हणजे पिकाआधी घेतलेले आगाऊ पैसे, तर सगळ्यांच्या घरातली. पावसाळा संपता संपता फवारणी, खत, राखण यांना पैसे लागतात तेव्हा बँक कागद मागते आणि वाशीचा दलाल पाकीट देतो. बदल्यात पेटी त्याच्याच गाळ्यावर उतरायची. भाव काय लागला ते पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आली की कळणार. याला नुसती लूट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खंडाने बाग करणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यात आमचे बरेच होते. दलालाने माणूस ओळखून पैसे दिले. पण उचल फिटत नाही तोवर दुसऱ्याला माल दाखवायचीही चोरी. मदत आणि वेसण एकाच पाकिटातून.

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझं तळमजल्यावरचं ऑफिस गेलं. संगणक, फायली, लोकांच्या वह्या, सगळ्याचा चिखल. तेव्हापासून मी पहिल्या मजल्यावर आहे. त्या पुरानंतर बाजारपेठ उभी राहिली ती कशावर, हे हिशेब नव्याने लिहिताना कळलं. मदत पुष्कळांनी केली, मशिदीतून जेवण आलं, मंडळांची पोरं आली. पण दुकानांची शटरं पुन्हा उघडली ती घाटावरच्या होलसेलवाल्यांमुळे. कोल्हापूर-कराडच्या कित्येक व्यापाऱ्यांनी मागची उधारी गोठवली आणि वर नवा माल पाठवला. एका चपलांच्या दुकानदाराच्या खात्यात मला ती नोंद दिसते: जुनी बाकी बाजूला काढलेली, ऑगस्टपासून नवं पान. तो होलसेलवाला मारवाडी, दुकानदार मुसलमान. जुनी बाकी दोन वर्षांत फिटली. त्यावर व्याज लावलेलं नाही.

आता ज्या प्रकरणामुळे डोकं तापलंय त्याकडे येते.

गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात माझी एक क्लायंट आहे. साठीची असेल, सगळे खाला म्हणतात, मीही म्हणते. ती कोकमाचं करते. फळं येतात शेजारच्या कुणबीवाडीतून, तिथल्या बचत गटाच्या बाया गोळा करतात. गट उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, हिशेब चोख, किलोमागे भाव वाडीतच ठरतो आणि पैसे त्याच दिवशी. यात कोणी कोणाला सक्षम वगैरे करत नाही. बायांना विकायचंय, खालाला फळ हवंय.

मी एप्रिल-मेत गेले की तिच्या मागच्या पडवीत बसते. फळं अर्धी कापायची, बिया-गर वेगळा, साली उन्हात. गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या साली पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, काळ्या आणि लवचीक होईपर्यंत. बोटांना ती जांभळी छटा आठवडाभर जात नाही. उरतो तो आगळ, सोलकढीचा. ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत ठेवल्या की काही दिवसांत सुटतो तो सरबताचा रस. बियाही फुकट जात नाहीत. पूर्वी त्यांचं मुठेल काढून टाचांच्या भेगांना लावायचे, आता सौंदर्यप्रसाधनं बनवणारे त्याच तुपाला चांगला भाव देतात. या सगळ्याला वैरी एकच, वळवाचा पाऊस. म्हणून गेल्या खेपेला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ड्रायर आणि बाटल्या भरायचं यंत्र घेतलं. ३५ टक्के अनुदान कर्जखात्याला लागलं, थोडा स्वतःचा हिस्सा, बाकी कर्ज. त्याच योजनेत बचत गटाला दर सदस्य ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळत होतं, तो अर्ज वाडीच्या बायांसाठी वेगळा केला.

तर पुण्यातली एक कंपनी आली. चकचकीत ब्रँड, डोंगरातलं, समुद्रकाठचं, आजीच्या हातचं असलं विकणारी. महिला दिनाला त्यांनी खालाला पुण्याला नेलं, शाल दिली, 'आमची भागीदार' म्हणून फोटो टाकला. करार इंग्रजीत. खालाने सही करायच्या आधी तो माझ्याकडे आणला, अल्लाहचे उपकार. वाचला. पैसे कधी? कंपनीचा माल विकला गेल्यावर. नाही विकला गेला तर? मुदत संपलेल्या बाटल्यांची रक्कम खालाच्या बिलातून वजा. आणि पुणे-मुंबईत तिने स्वतःच्या नावाने एकही बाटली विकायची नाही. लेबलवर पुढे कंपनीचं नाव, बनवणाऱ्याचं नाव मागे खाली, भिंग लावून वाचावं एवढं.

म्हणजे ड्रायरचं कर्ज खालाचं, फळाचे रोख पैसे खालाचे, पाऊस खालाचा, पुण्याच्या कपाटात पडून राहिलेली बाटलीही खालाचीच. वाशीचा दलाल निदान उचल तरी देतो.

कायदा खालाच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही कलम आलं की मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येणार नाही. या कलमाने खरी जाग आली. तसे त्यावरचे उपायही निघाले. माझ्या खोकेवाल्या मावसभावाला त्याच्या एका गिऱ्हाइकाने सरळ सांगितलं, तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो. नोंदणी फुकट आहे, मालाचा पुरवठा सुरू करायच्या आधी करून ठेवा आणि कोणी सांगितलं म्हणून मोडू नका. नुसता व्यापार करणाऱ्यांना, म्हणजे आंबा घेऊन आंबा विकणाऱ्यांना, उद्यम नोंदणी असली तरी हे उशिराच्या पैशाचं संरक्षण मिळत नाही. बनवणाऱ्यांना मिळतं.

पण खरं सांगू? थकलेल्या पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करायला लोक तयारच होत नाहीत. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर केस कोण घालणार? म्हणून माझा सगळा जोर सही व्हायच्या आधीच्या आठवड्यावर. तेव्हा मोठा माणूस गोड असतो, तेवढ्यात काय ते लिहून घ्यायचं.

आम्ही करार मराठीत परत लिहिला. माल पोचल्यापासून ४५ दिवसांत पैसे. पहिल्या खेपेला तीस टक्के आगाऊ, कारण वाडीला रोख द्यायचंय. सरबत फक्त कंपनीला, पण आगळ, आमसुलं आणि मुठेल खाला कुणालाही विकेल. लेबलवर गावाचं नाव आणि बनवणारीचं नाव पुढच्या बाजूला, वाचता येईल असं. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी खालाच्या नावावर करायची, कंपनीच्या नाही. आणि न विकलेल्या मालाची जबाबदारी बाटल्या पुण्यात उतरल्या की कंपनीची. फक्त सील किंवा मालाचा दोष असेल तरच परत.

कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, "मॅम, आम्ही सपोर्ट करतोय त्यांना, एवढं लीगल कशाला?" पोर चांगली आहे, पगारी आहे, तिचा काय दोष. तिला म्हटलं, सपोर्ट करताय म्हणूनच लिहून द्या.

पंचेचाळीस दिवस मान्य झाले. आगाऊ तीसवरून वीसवर आलं, ठीक आहे. लेबल मान्य, आगळ-मुठेलही मोकळं. न विकलेल्या मालाच्या कलमावर 'इंटर्नली डिस्कस' चाललंय. खालाला विचारलं, ते कलम सोडून सही करायची का? ती बरण्यांची झाकणं पुसत होती. म्हणाली, "एकटं सरबतच द्यायचंय ना त्यांना? मग यंदा साखर कमी आणते, आगळ जास्त काढू." शृंगारतळीच्या दोन हॉटेलांनी आणि चिपळूणच्या एका मसालेवाल्याने आगळाची मागणी आधीच नोंदवली आहे, तीही पावतीसकट.

फॅब्रिकेशनवाल्याने लोट्याचा तो फॉर्म भरून पाठवला. कारभार कोण बघतं याच्यापुढे त्याने स्वतःचं आणि बायकोचं, दोघांचं नाव लिहिलं, कारण चेकवर सही ती करते. मराठी करारनाम्याचा मसुदा कोणाला हवा असेल तर ऑफिसला या. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते. येताना उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणा.